उतार पूर्वेकडे

१७४२ साली कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला तो आपल्यामुळे. नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर घोडदळ घेऊन बंगालमध्ये उतरले होते. बर्दवान-बीरभूमकडची गावे जळत होती आणि माणसे मिळेल त्या नावेने भागीरथी ओलांडून पूर्वेकडे पळत होती. सात मैलांचा खंदक खणायचा बेत होता, तीन मैल खणून झाला आणि काम थांबले. मराठे कोलकात्यावर चालून आलेच नाहीत. १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने भास्करपंतांना वाटाघाटीसाठी छावणीत बोलावून मारले, १७५१ मध्ये तह झाला, ओडिशा नागपूरकरांच्या हाती आला आणि बंगालची वर्षाला बारा लाख रुपये चौथाई ठरली. अर्धवट खंदकात घाण पाणी साचत राहिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बुजवायला घेतला आणि त्यावरून सर्क्युलर रोड काढला. आज आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड या नावांनी तोच रस्ता शहराला वळसा घालतो. बागबाजारात एका गल्लीला अजून मराठा खंदकाचे नाव आहे.

या स्वाऱ्यांविषयी मराठी पुस्तकांत दोन-चार ओळींत पराक्रम सांगितला जातो आणि पुढचे पान उलटले जाते. बंगालमध्ये मात्र मराठी घोडदळातल्या बारगिरांचे ‘बर्गी’ झाले आणि मुलांना निजवताना आया त्यांचे नाव घेऊ लागल्या. त्या काळाचे वर्णन करणारे गंगारामाचे बंगाली काव्य ‘महाराष्ट्र पुराण’ या नावाने ओळखले जाते. त्यातली गावे, त्यातली लूट, बायकांवरचे अत्याचार मराठी वाचकाने एकदा समोर बसून वाचायला हवेत. आपल्या लोकांनी केलेले ते आहे आणि ते झाकून कोलकात्याशी मैत्री होत नाही. पुढे देवघरजवळ स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या सखाराम गणेश देऊस्करांनी त्याच शहरात बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिली, १९०२ पासून शिवाजी उत्सव भरवला आणि १९०६ च्या उत्सवाला लोकमान्य टिळक आले. दीडशे वर्षांत एका शहराने मराठी माणसाची दोन रूपे पाहिली.

पण मला इथे बोलायचे आहे ते खंदकाच्या दिशेविषयी. पश्चिमेला नदी होती, म्हणून त्या बाजूने इंग्रज निर्धास्त होते. शत्रू जमिनीवरून येईल अशा हिशेबाने खंदक उत्तरेकडून आणि पूर्वेकडून वळवला होता. पूर्वेला थोड्याच अंतरावर खारी दलदल होती. तिकडे कोणी फारसे लक्ष देत नव्हते. पुढच्या पावणेतीनशे वर्षांत या शहराला मराठी घोडदळाची भीती उरली नाही. त्याला जे सोसावे लागले ते पाण्याकडून सोसावे लागले, आणि त्याला ज्याने तगवले तेही पाण्यानेच. हे पुस्तक त्या पाण्याविषयी आहे.

कोलकाता समुद्रकाठी नाही, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. मुंबईकराच्या मनात बंदर म्हटले की समोर अथांग समुद्र येतो. कोलकात्याचे बंदर समुद्रापासून सुमारे दोनशे किलोमीटर आत, हुगळी नदीवर आहे. हुगळी म्हणजे गंगेची पश्चिमेकडची शाखा. वरच्या अंगाला तिला भागीरथी म्हणतात. समुद्रावरून येणारे जहाज नदीच्या मुखाबाहेर थांबते, तिथे नदीचा जाणता पायलट जहाजावर चढतो आणि मग वाळूचे उंचवटे चुकवत, भरतीची वेळ साधत ते वर आणतो. दामोदर आणि रूपनारायण जिथे हुगळीला मिळतात तिथला वाळूचा पट्टा १६९४ मध्ये बुडालेल्या एका जहाजाच्या नावाने ‘जेम्स अँड मेरी’ म्हणून ओळखला जातो. त्याने पुढे कितीतरी गलबते गिळली. मोठ्या भरतीच्या दिवशी समुद्राचे पाणी भिंतीसारखे उठून नदीत उलटे धावत येते. बंगाली नावाडी त्याला ‘बान’ म्हणतात आणि घाटावरून आधी हाक जाते. जगातली फार थोडी मोठी बंदरे इतक्या अवघड वाटेवर उभी आहेत.

मग बंदर इथे का झाले? कारण त्याच्या आधीची बंदरे एकेक करून गाळात गेली. सप्तग्राम हे मध्ययुगीन बंगालचे मोठे बंदर सरस्वती नदीवर होते. ती नदी आटली आणि व्यापार हुगळी गावाकडे सरकला. तिथे पोर्तुगीज आले. मागून चुंचुड्याला डच, चंदननगरला फ्रेंच, श्रीरामपूरला डेन अशी युरोपची अर्धी पंगत त्याच नदीकाठी बसली. २४ ऑगस्ट १६९० रोजी ईस्ट इंडिया कंपनीचा जॉब चार्नॉक सुतानुटीला उतरला. तिथे सुताचा बाजार होता, शेठ-बसाकांसारखी व्यापारी घराणी आधीपासून वसली होती आणि पूर्व काठाजवळ पाणी खोल होते. १६९८ मध्ये सुतानुटी, कालिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे जमीनदारी हक्क इंग्रजांनी सावर्ण रायचौधुरी घराण्याकडून १,३०० रुपयांना घेतले. याच घराण्याच्या वंशजांनी पुढे न्यायालयात दाद मागितली आणि २००३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने चार्नॉकला शहराचा संस्थापक मानता येणार नाही, शहराला ठरावीक जन्मदिवसही नाही, असे सांगितले. मला तो निकाल पटतो. गावे होती, बाजार होता, कालीघाटची वाट होती.

आता त्या जमिनीकडे पाहू. हुगळीसारखी गाळ वाहणारी नदी पुराच्या वेळी काठावर पसरते तेव्हा जड गाळ आधी काठाशीच टाकते. वर्षानुवर्षे असे झाले की काठ उंच होतो आणि नदीपासून जसे दूर जावे तशी जमीन खाली उतरत जाते. कोलकात्याची जमीन समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहे, आणि तिचा उतार नदीकडे नसून नदीपासून दूर, पूर्वेकडे आहे. इंग्रज अभियंत्यांनी पहिली गटारे नदीकडे काढली आणि ती तुंबली. सांडपाणी पूर्वेच्या खाऱ्या सरोवरांकडेच न्यावे लागेल, हे कळायला एकोणिसावे शतक निम्मे सरले. अभियंता विल्यम क्लार्कच्या १८५५ च्या योजनेपासून शहराचा मैला आणि पावसाचे पाणी भूमिगत नाल्यांतून पूर्वेला वाहू लागले. या एका उतारात कोलकात्याचा निम्मा इतिहास आहे असे मी म्हणतो, ते अतिशयोक्ती म्हणून नव्हे.

हवामानाची ओळख त्यानंतर करून घ्यावी. चैत्र संपता संपता हवा इतकी दमट होते की सावलीतही घाम वाळत नाही. वैशाखात दुपारी छोटा नागपूरच्या पठारावर ढग उभे राहतात आणि संध्याकाळी ‘कालबैशाखी’ शहरावर कोसळते. अर्ध्या तासात झाडे मोडतात, गारा पडतात, पारा आठ-दहा अंशांनी उतरतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस येतो आणि ऑक्टोबरपर्यंत रेंगाळतो. वर्षाचा पाऊस १,६०० ते १,८०० मिलिमीटर, म्हणजे मुंबईहून कमी. पण मुंबईला ओहोटीच्या वेळी समुद्र तरी पाणी घेतो. इथे उताराच्या टोकाशी दलदल, तिच्यापुढे मंदावलेल्या खाड्या. डिसेंबर-जानेवारीत मात्र हवा सुखद असते, खजुराच्या ताज्या गुळाचा वास बाजारात दरवळतो आणि शहर या दोन महिन्यांत वर्षभराचे हिंडून घेते.

या हवेने रोगही दिले आणि रोगांचे ज्ञानही. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने पटकीचा जंतू कोलकात्यात वेगळा काढून दाखवला. १८९४ मध्ये हाफकिन पटकीची लस टोचायला इथे आला आणि दोन वर्षांनी प्लेगसाठी मुंबईला गेला, जिथे त्याच्या नावाची संस्था आपल्या परिचयाची आहे. १८९८ मध्ये रोनाल्ड रॉसने पक्ष्यांवर प्रयोग करून मलेरियाचा डासांतला प्रवास इथेच उलगडला. आणि १९५९ मध्ये शंभुनाथ दे यांनी पटकीच्या विषाचा शोध लावला. त्यांचे नाव त्यांच्या हयातीत फार कमी लोकांना ठाऊक झाले, ही बंगालइतकीच साऱ्या देशाची उणीव आहे.

आता वादळांकडे येतो, कारण या पुस्तकातला मला सर्वांत जवळचा वाटणारा भाग तो आहे. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी हुगळीच्या मुखातून चक्रीवादळ आत शिरले. समुद्राचे पाणी नदीत चढत गेले. मेदिनीपूर आणि चोवीस परगण्यातली सखल गावे वाहून गेली. मृतांचा आकडा पन्नास हजारांच्या आसपास होता. कोलकाता बंदरात नांगरलेली बहुतेक जहाजे साखळ्या तुटून काठावर फेकली गेली. या एका दिवसाने सरकार हादरले. १८६५ मध्ये बंदरात वादळाची सूचना देणारी व्यवस्था सुरू झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले, त्याचे मुख्यालय कोलकात्यात ठेवले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचा प्रमुख झाला. मुख्यालय १९०५ मध्ये सिमल्याला आणि १९२८ मध्ये पुण्याला आले. पुणेकर शिवाजीनगरातल्या ज्या दगडी इमारतीला अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, तिच्यातल्या खात्याची जन्मकथा हुगळीच्या पुरात बुडालेल्या गावांपर्यंत जाते.

पण १८६४ च्या अकरा वर्षे आधी एका माणसाने हे सारे सांगून ठेवले होते. हेन्री पिडिंग्टन हा पूर्वी जहाजावर काम केलेला इंग्रज कोलकात्यात स्थायिक झाला होता. जहाजबुडीच्या चौकशा करणाऱ्या न्यायालयाचा तो अध्यक्ष होता, आणि कप्तानांच्या नोंदवह्यांतून वादळांचे मार्ग जुळवण्यात त्याने आयुष्य घातले. १८४८ मध्ये खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने या वादळांना ‘सायक्लोन’ हे नाव दिले. आज साऱ्या जगाच्या तोंडी ते आहे. त्या सुमारास हुगळीच्या गाळाला कंटाळलेले सरकार आणि व्यापारी आग्नेयेला सुंदरबनात मातला नदीवर नवे बंदर काढायच्या विचारात होते. मातला खोल होती, रुंद होती, समुद्राला जवळ होती. १८५३ मध्ये पिडिंग्टनने गव्हर्नर जनरलला उद्देशून जाहीर पत्र लिहिले. त्याचे म्हणणे सरळ होते. जी नदी समुद्राला इतकी मोकळी आहे ती वादळाच्या लाटेलाही तितकीच मोकळी आहे. आज ना उद्या पाण्याची भिंत येईल आणि वसाहत धुऊन नेईल.

१८५८ मध्ये पिडिंग्टन वारला. मातलावर ‘पोर्ट कॅनिंग’ उभे राहिले. नगरपालिका झाली, धक्के झाले, कोलकात्यापासून रेल्वे आली, जमिनी विकसित करायला कंपनी निघाली. कापसाच्या तेजीने वेड लागलेल्या मुंबईतही त्या कंपनीच्या समभागांचा सट्टा चालला होता. १८६७ च्या नोव्हेंबरच्या आरंभी वादळ आले आणि पाणी शहरातून फिरले. काही वर्षांत सरकारने त्या बंदराचा नाद सोडला. आज कॅनिंग हे सुंदरबनाच्या वाटेवरचे गजबजलेले रेल्वे स्टेशन आणि मासळीचा बाजार आहे.

मी ही कथा पुन्हा पुन्हा सांगतो, कारण तिच्यात अज्ञान कुठेच नाही. माहिती होती, छापलेली होती, राजधानीत सर्वांच्या हाताशी होती. कोलकात्याच्या पुढच्या इतिहासात हा प्रसंग वेगवेगळ्या वेषांत परत येतो.

शहराची भरभराट त्यामानाने परिचित आहे, तिच्यावरून मी भरभर जातो. १७५६ मध्ये नवाब सिराजउद्दौल्याने शहर जिंकले, पुढच्या वर्षी प्लासी झाली, गोविंदपूरची वस्ती उठवून नवा फोर्ट विल्यम बांधला आणि तोफांसमोर मोकळी जागा हवी म्हणून मैदान राहिले. १९११ च्या दिल्ली दरबारापर्यंत ही राजधानी होती. अफूचे लिलाव, १८६१ पासून चहाचे लिलाव, १८५५ मध्ये रिश्ऱ्याला निघालेली तागाची पहिली गिरणी, १८५४ मध्ये हावड्याहून सुटलेली गाडी, यांनी नदीकाठ भरून गेला. १८७० मध्ये बंदराचा कारभार स्वतंत्र मंडळाकडे गेला. १८९२ मध्ये खिदिरपूरची गोदी आणि १९२९ मध्ये आजची नेताजी सुभाष गोदी सुरू झाली. पाण्याची पातळी दरवाजे लावून राखणाऱ्या या गोद्यांनी जहाजांना भरती-ओहोटीपासून आणि बानापासून आडोसा दिला.

यातली एक गोष्ट मात्र थांबून सांगायलाच हवी. १८३४ पासून पुढे सुमारे ऐंशी वर्षे बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली लाखो माणसे करारावर मजूर म्हणून याच धक्क्यांवरून मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना, फिजी, सुरीनामला गेली. बहुतेकांनी आयुष्यात पाहिलेले हे पहिले मोठे शहर, आणि भारताचा शेवटचा तुकडाही हाच. गार्डन रीचजवळ सुरीनाम घाटावर त्यांचे स्मारक आहे. मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांची वाट मुंबईहून होती, म्हणून हा घाट आपल्या नकाशात नसतो. तो असायला हवा.

१९४७ ने ताग पिकवणारी शेते एका देशात आणि ताग विणणाऱ्या गिरण्या दुसऱ्या देशात टाकल्या. निर्वासित आले, १९७१ मध्ये पुन्हा आले, आणि शहराची वाढ पूर्वेला व दक्षिणेला सखल जमिनीकडे सुरू झाली. त्याच काळात नदीने बंदराला दगा द्यायला सुरुवात केली होती. गंगेचे मुख्य पाणी केव्हाच पूर्वेकडच्या पद्मा या शाखेकडे वळले होते. कोरड्या महिन्यांत भागीरथीच्या तोंडाशी वाळूचा बांध पडे, वरून रेटा नसला की भरती समुद्राचा गाळ आत आणून टाके. उपाय म्हणून फरक्क्याला गंगेवर सव्वादोन किलोमीटर लांबीचे धरण बांधले गेले, ३८ किलोमीटरचा कालवा काढला आणि १९७५ मध्ये ४०,००० क्युसेकपर्यंत पाणी हुगळीत सोडायची सोय झाली. अभियंता कपिल भट्टाचार्य आधीपासून सांगत होते की या पाण्याने गाळ हटणार नाही, उलट वरच्या बाजूला पूर येतील आणि काठ खचतील. त्यांच्या देशनिष्ठेवर शंका घेतली गेली. आज माल्दा-मुर्शिदाबादेत गावेच्या गावे गंगेत जात आहेत आणि बंदराला सतत गाळ उपसावा लागतो. फरक्क्यामुळे शहराच्या पिण्याच्या पाण्याचा खारटपणा घटला, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण बंदर वाचवण्याचे मूळ काम त्याने पुरते केले नाही, आणि मोठी जहाजे १९७७ पासून नदीच्या खालच्या अंगाला हल्दियाला थांबू लागली. बांगलादेशाबरोबरचा पाणीवाटपाचा तीस वर्षांचा करार १२ डिसेंबर १९९६ चा आहे. त्याची मुदत २०२६ मध्ये संपते. या नदीचा प्रश्न इतिहासात जमा झालेला नाही.

शेवटी पूर्वेच्या दलदलीकडे येतो. विद्याधरी नदी गाळाने मेली, खारे पाणी येईनासे झाले आणि शहराचा मैला तिथे साचू लागला. मच्छीमारांनी त्यातच वाट काढली. उथळ तळ्यांत मैलापाणी घ्यायचे, उन्हात ठेवायचे, त्यात शेवाळ आणि सूक्ष्मजीव वाढू द्यायचे आणि मग मासे सोडायचे. तळ्यांना ‘भेरी’ म्हणतात. तिथून निघालेले पाणी भातशेतीला जाते, धापाच्या कचराभूमीलगत भाजीचे मळे पिकतात. यंत्र नाही, वीज जवळजवळ नाही, आणि शहराला ताजी मासळी आणि भाजी मिळते. सरकारी अभियंता ध्रुवज्योती घोष १९८० च्या दशकात शहराचे सांडपाणी नेमके जाते कुठे हे शोधायला निघाले, तेव्हा कोळ्यांनी रचलेली ही व्यवस्था त्यांनी जगासमोर मांडली. पुढे न्यायालयाने तिला संरक्षण दिले आणि २००२ मध्ये १२,५०० हेक्टरचा हा प्रदेश महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. घोष २०१८ मध्ये गेले, आणि अखेरपर्यंत ते सांगत राहिले की खरे तज्ज्ञ भेरीवरचे लोक आहेत.

त्या आधीच दलदलीचा उत्तरेकडचा भाग गेला होता. १९६२ पासून हुगळीतला गाळ नळांतून आणून खारी सरोवरे भरली आणि त्यावर सॉल्ट लेक हे उपनगर वसवले. ते आखीव आहे, झाडांचे आहे. त्याच्यापुढे राजारहाट झाले. पाणी मात्र आपली वाट विसरलेले नाही. २० मे २०२० च्या अम्फान वादळात हजारो झाडे पडली, शहराचे कितीतरी भाग दिवसच्या दिवस पाण्यात आणि अंधारात राहिले. सुंदरबनाची खारफुटी मध्ये नसती तर काय झाले असते याचा अंदाज पिडिंग्टनच्या १८५३ च्या पत्रावरून येतो. २००१ ते २०११ या दशकात मूळ महापालिका हद्दीची लोकसंख्या ४५.७ लाखांवरून ४५ लाखांच्या खाली आली, महानगराची मात्र १.४ कोटींवर गेली. वाढ सारी सखल कडेला होते आहे.

मिठी नदीचे पात्र आणि २६ जुलै २००५ आठवणाऱ्या मराठी वाचकाला हे परके वाटू नये. पुढची प्रकरणे वाचताना बंगालचा नकाशा उघडा ठेवा, प्रत्येक घटनेपाशी पाणी कुठून कुठे वाहते आहे ते बोटाने तपासा. आणि कोलकात्याला जाल तेव्हा व्हिक्टोरिया मेमोरियल पाहून झाल्यावर एक सकाळ राखून ठेवा. शहराच्या पूर्वेच्या बायपासपलीकडे जा, एखाद्या भेरीच्या बांधावरून चाला आणि तिथे जाळे ओढणाऱ्या माणसाला त्याचे काम विचारा.